चेनसॉमध्ये अल्किलेट पेट्रोल : मोसंबीच्या बागेतला वर्षभराचा अनुभव

चेनसॉचा पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला, तेव्हा मशीन वॉरंटीत होती. सर्व्हिस सेंटरवाल्यानं सिलिंडर उघडून पिस्टनवरचे ओरखडे दाखवले आणि माहितीपुस्तिकेतल्या एका ओळीवर बोट ठेवलं : पेट्रोलमध्ये इथेनॉल 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. इंधनाचा दोष वॉरंटीत बसत नाही म्हणाला. मी विचारलं, 10 टक्केवालं पेट्रोल जालना जिल्ह्यात कुठल्या पंपावर मिळतं तेवढं सांगा. त्याच्याकडं उत्तर नव्हतं. 2022 साली देशात 10 टक्के मिश्रण झालं, 2025 मध्ये 20 टक्के. पुस्तिका जुनीच, मशीन मात्र दुकानात नवी कोरी. पिस्टन-सिलिंडरचे पैसे खिशातून भरले आणि त्याच रागात पुण्याच्या एका विक्रेत्याकडून अल्किलेटचे, म्हणजे बिनइथेनॉलच्या स्वच्छ पेट्रोलचे डबे मागवले. ऑइल मिसळलेलं तयार इंधन, 1:50 चं, म्हणजे 50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल.

इथेनॉलला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, मका बाजारात जाते, दोन्हींपासून इथेनॉल होतं आणि त्याचा पैसा मराठवाड्यात यायलाच हवा. मोटारसायकल मी त्याच पेट्रोलवर चालवतो, तक्रार नाही. नव्या गाडीत सेन्सर असतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण तो सांभाळून घेतो. चेनसॉच्या कार्बोरेटरचे (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू जिथं बसवले तिथंच. इथेनॉलमध्ये वजनाच्या सुमारे 35 टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याच सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि पिस्टन तापतो. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात अर्धी टाकी भरून मशीन पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसू शकतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर नेमका तळाशी लोंबकळतो. म्हणजे दोरी ओढल्यावर इंजिनात आधी जातो तो बिनऑइलचा भाग.

अल्किलेट रिफायनरीतल्या वायूंपासून बनवतात. त्यात इथेनॉल नाही, बेंझीन आणि गंधक जवळपास नाहीच. स्वीडनमध्ये जंगलकामगारांना धुराचा त्रास व्हायचा म्हणून 1980 च्या दशकाच्या शेवटी ते विक्रीला आलं. आपल्या बीएस-6 पेट्रोलमध्ये बेंझीन 1 टक्क्यापर्यंत आणि अ‍ॅरोमॅटिक्स (बेंझीनच्या जातीची रसायनं) 35 टक्क्यांपर्यंत चालतात. बेंझीननं कॅन्सर होतो, यात आता वाद उरलेला नाही. आणि चेनसॉतलं साधं टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलचा साधारण पाव हिस्सा न जळताच बाहेर फेकतं, तेही चालवणाऱ्याच्या तोंडासमोर.

हे वाचून माहीत होतं, पण फरक मला आमच्या गड्यानं सांगितला. मोसंबीची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायची म्हणजे झाडाच्या घेरात शिरावं लागतं. फांद्या जमिनीला टेकलेल्या, आत वारा नाही, धूर तिथंच घुटमळतो. पूर्वी दुपारपर्यंत त्याचं डोकं धरायचं, डोळे चुरचुरायचे. नवा डबा ओतल्यावर मी त्याला काहीच बोललो नव्हतो. दुपारी भाकरी खाताना तोच म्हणाला, "मालक, आज धूर लागना गेला." एवढ्यासाठीही मी हे इंधन घेतलं असतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र याच्याही धुरात असतो, त्यामुळं बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये मशीन सुरू ठेवू नका.

आता डायफ्राम. कार्बोरेटरमधला नखाएवढ्या जाडीचाही नसलेला रबरी पडदा. तो कडक झाला की इंधन ओढलं जात नाही, मशीन सुरू होत नाही, झालीच तर वेग दिल्यावर गुदमरते. किट स्वस्त असतं, पण ते आणायला, बसवायला मिस्त्री मोकळा सापडायला आणि स्क्रू पुन्हा जुळवायला वेळ जातो, आणि हे नेमकं सल काढायच्या हंगामातच होतं. पूर्वी दर हंगामाला हेच चाललेलं. नव्या डायफ्रामवर अल्किलेट सुरू केलं, पावसाळाभर टाकी तशीच भरलेली ठेवली, आणि दिवाळीनंतर मशीन चोक देऊन लगेच लागली. मिस्त्रीकडून कार्बोरेटर मुद्दाम उघडून घेतला. पडदा मऊ, जाळीवर चिकट थर नाही. लहान मशीन चालून कमी आणि पडून राहून जास्त बिघडते, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

म्हणून उत्साहात जुन्या ब्रश कटरलाही (गवत-झुडपं कापायच्या मशीनला) हेच इंधन घातलं, आणि तिथं मत बदलावं लागलं. दुसऱ्याच आठवड्यात टाकीजवळ नळी गळायला लागली. साध्या पेट्रोलातल्या अ‍ॅरोमॅटिक्सनं जुनं रबर फुगलेलं असतं. अल्किलेटमध्ये ते नसल्यानं रबर आकसतं आणि फट पडते. विक्रेत्यानं हे विकताना सांगायला हवं होतं. गरम सायलेन्सरजवळ पेट्रोल गळणं ही किरकोळ गोष्ट नाही. जुन्या मशीनला आधी नळी आणि सील नवे टाका, मगच हे इंधन घाला.

आणखी एक. आज अल्किलेट, उद्या पंपाचं, असं आलटून पालटून वापरू नका. 20 टक्केवाल्याच्या सेटिंगवर अल्किलेट घातलं की मिश्रण जरा गडद पडतं, म्हणजे इंधन जास्त होतं, म्हणून मिस्त्री स्क्रू थोडा आवळून ते कमी करतो. त्याच सेटिंगवर 20 टक्केवालं घातलं की मिश्रण आणखी पातळ होऊन पिस्टन पुन्हा धरेल.

खर्च झोंबतो. मला डबा साध्या पेट्रोलच्या पाचपटीच्या पुढं पडला. ब्रश कटर आणि फवारणीचा पंप दिवसदिवस चालतात, त्यांना हे परवडणार नाही. ते पंपाच्या पेट्रोलवरच ठेवलेत. त्यांचं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण आठवड्यापुरतंच करायचं, काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. चेनसॉ वर्षात मोजकीच चालते, तिला डबे थोडेच लागतात आणि एका पिस्टन-सिलिंडरच्या पैशात बरेच डबे येतात. तिला यापुढं दुसरं काही घालणार नाही. सीलबंद डबा वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळं उरलेलं वायाही जात नाही.

कंपन्यांनी 20 टक्के इथेनॉल सोसणारे डायफ्राम आणि नळ्या बसवूनच मशीन विकाव्यात, किंवा दुकानात पावती फाडण्याआधी ती 10 टक्क्यांची ओळ वाचून दाखवावी. तोपर्यंत अंबड, घनसावंगी, बदनापूर भागातल्या कुणाला डबे हवे असतील तर कळवा. पूर्ण खोकं मागवलं तर वाहतूक वाटून घेता येईल.