वर्षावन बघायचंय: मे महिन्यात सबाह की डिसेंबरात अंदमान?

ताडोबा झालं, पेंच झालं, उमरेड-कऱ्हांडला झालं, बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र जागून झाली, की नागपुरातले जंगलवेडे एकमेकांना विचारू लागतात, आता बारा महिने हिरवं असणारं जंगल बघायचं तर कुठे जायचं? दोन नावं हमखास निघतात. एक आपलं अंदमान, दुसरं बोर्निओ बेटावरचं मलेशियाचं सबाह राज्य. मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण ही दोन ठिकाणं एकमेकांची बदली नव्हेत.

आधी सुट्टी कधी मिळते ते बघा, पैशांचं नंतर. मुलांची सुट्टी मे महिन्यातच असेल तर अंदमान सोडून द्या. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे मोसमी पाऊस पोचतो, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात. सबाहच्या पूर्व भागात नेमकं उलट आहे. तिथे जोराचा पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि मार्च ते ऑक्टोबर त्या मानाने उघडीप. म्हणजे नागपूर 45 अंशांवर तापलेलं असताना तुम्ही किनाबतांगान नदीवर बोटीत बसलेले असता. रजा दिवाळीनंतर किंवा नाताळात मिळत असेल तर अंदमानच.

आता जनावरांचं बोलू, कारण आपल्याकडे कुणीही परत आलं की पहिला प्रश्न 'साइटिंग झालं का?' हाच असतो. अंदमानच्या जंगलात वाघ-बिबट्या सोडा, माकडसुद्धा नाही. चितळ दिसतात, पण ते इंग्रजांनी आणून सोडलेले. मूळचं मोठं जनावर म्हणजे रानडुक्कर. तिथली श्रीमंती पक्ष्यांत, झाडांत आणि पाण्याखाली आहे. पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला पहाटे गेलात तर जगात इतरत्र कुठे नसलेले पक्षी एका सकाळी दिसू शकतात. पडौक आणि गर्जन वृक्षांखाली उभं राहिलं की सागाच्या जंगलाला सरावलेली मान आपोआप मागे जाते. पण नारकोंडम धनेश फक्त त्याच नावाच्या चिमुकल्या बेटावर राहतो आणि तिथे सहलीला जाता येत नाही. डुगाँग हा समुद्रात राहणारा सस्तन प्राणी अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी, पण तो दिसेल असं धरून कुणी जाऊ नये.

सबाहमध्ये जनावरं दिसतात, आणि भरपूर दिसतात. किनाबतांगानच्या काठावरच्या सुकाऊ गावातून संध्याकाळी छोटी बोट निघते. पहिल्याच वळणावर लांब नाकाच्या प्रोबोसिस माकडांची टोळी झाडांवर बसली होती, नराचं नाक चक्क ओठांवर लोंबत होतं. पुढे एका उंच झाडाशी नावाड्याने इंजिन बंद केलं. वर एक ओरांगउटान मादी फांद्या वाकवून एकमेकींत अडकवत होती, मधेच थांबून हाताने दाबून बघत होती, मग पुन्हा एक फांदी ओढत होती. ती रात्रीचा बिछाना तयार करत होती. ही जात रोज संध्याकाळी नवं घरटं बांधते. बोटीत आठ माणसं होतो, कुणी बोललं नाही. पानांचा आवाज थांबला तेव्हा कळलं की ती झोपली.

पण इतकी जनावरं सहज का दिसतात, हे जाण्याआधी माहीत असायला हवं. सांदाकान शहराहून सुकाऊला जाताना तेलताडाची लागवड संपता संपत नाही. रान तोडून हे मळे झाले आणि नदीकाठाला जंगलाची अरुंद पट्टी उरली. हत्ती, माकडं, ओरांगउटान सगळे त्या पट्टीत दाटीवाटीने जगतात, म्हणून बोटीतून दिसतात. बोर्निओचा ओरांगउटान 2016 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मादीला दोन पिलांमध्ये सात-आठ वर्षं लागतात, त्यामुळे घटलेली संख्या भरून निघायला पिढ्या जातात. सुमात्री गेंड्याचं तर इथे संपलंच. मलेशियातला शेवटचा 2019 मध्ये गेला. पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश आपला आहे. परत आल्यावर इतवारीत किराणा घेताना मी फरसाण-बिस्किटांच्या पाकिटांवरचे घटक वाचू लागलो, ती सवय आजही आहे.

लहान मुलं बरोबर असतील तर सबाहमधलं सेपिलोकचं ओरांगउटान केंद्रही करा. 1964 पासून तिथे अनाथ ओरांगउटानांना पुन्हा जंगलात राहायला शिकवतात. सकाळी 10 आणि दुपारी 3 वाजता मचाणावर फळं ठेवली जातात. कधी एकही येत नाही, तेव्हा मुलं हिरमुसतात. त्यांना सांगावं की जंगलात त्याला पोटभर मिळालंय. सबाहमधलंच डॅनम खोरं खऱ्या अर्थाने अस्पर्श वर्षावन आहे, पण महाग आहे, जळवा भरपूर, आणि जनावर दिसायला चिकाटी लागते.

कासवं दोन्हीकडे आहेत. सबाहच्या सेलिंगान बेटावर वर्षभर कासवं येतात, पण रात्र तिथेच काढावी लागते. अंधार पडला की किनारा बंद. वनरक्षकाची हाक येईपर्यंत खोलीत थांबायचं, मग सगळ्यांनी मिळून एकाच कासवाला अंडी घालताना बघायचं, उजेड न पाडता. ती अंडी जाळीच्या कुंपणात पुरली जातात. अंदमानात दिगलीपूरजवळच्या कालीपूर किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारीत चार जातींची कासवं येतात. तिथे खात्री कमी, गर्दीही कमी. आम्ही दोन रात्री बसलो, दुसऱ्या रात्री एक ऑलिव्ह रिडले आली. मचाणावर बसायची सवय असलेल्याला ती वाट बघणं जड जात नाही. मला कालीपूरच जास्त आवडलं. मुलांना मात्र सेलिंगानला न्या, तिथे निराश होऊन परत यावं लागण्याची शक्यता फार कमी.

अंदमानात एक गोष्ट मनापासून सांगतो. दिगलीपूर आणि बाराटांगचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगहून ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सुटतो, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. आमच्या टूरवाल्याने 'वाटेत जारवा पण दिसतील' असं सांगत तो दिवस विकायचा प्रयत्न केला. माणसं ही काही साइटिंग नव्हे. आम्ही तो दिवस रद्द केला आणि पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, रात्रीच्या सरकारी बोटीने दिगलीपूरला गेलो. तुम्हीही तसंच करा.

खर्चात सबाह आम्हाला अंदमानच्या दुपटीच्या पुढे गेलं. नागपूरहून दोन्हीकडे थेट विमान नाही. अंदमानला चेन्नई किंवा कोलकात्याहून, सबाहला क्वालालंपूरहून सांदाकान. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवस व्हिसा लागत नाही, मात्र प्रवेशाचा डिजिटल फॉर्म आधी भरावा लागतो आणि सवलतीची मुदत तपासून घ्यावी. सबाहमध्ये उतरल्यावर पासपोर्टवर वेगळा शिक्का बसतो. पूर्व किनाऱ्यावरच्या बेटांबाबत काही देश सावधगिरीच्या सूचना देत आले आहेत, त्या निघण्याआधी वाचा. शाकाहारी असाल तर लॉजला आधी कळवा, आणि चिवडा-लोणचं बरोबर असू द्या.

गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर, ऐकायला उलटं वाटेल, पण सबाह सोपं पडतं, कारण बहुतेक सगळं बोटीत बसून दिसतं. कालीपूरला रात्री वाळूत चालावं लागतं, वाळूतल्या माश्या चावतात. दोघं-तिघं मित्र, खिशात मोजके पैसे, पक्ष्यांची आवड, असं असेल तर मी बेधडक अंदमान म्हणेन.

सबाह ठरलं तर आधी सेलिंगानची खोली मिळते का ते बघा, तारीख पक्की झाल्यावरच विमानाचं तिकीट काढा. त्या बेटावर खोल्या मोजक्याच आहेत. अंदमान ठरलं तर दिगलीपूरहून परतल्यावर विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. समुद्र बिघडला तर बोट त्या दिवशी सुटत नाही.