मोठ्या लॉनचं एरेशन: कोणतं यंत्र घ्यावं, दर कसा धरावा

एक एकराच्या पुढचं लॉन एरेशनसाठी, म्हणजे दबलेल्या जमिनीला छिद्रं पाडून हवा-पाणी आत जाऊ देण्यासाठी, अंगावर घेताना मी आधी एकच हिशोब मांडतो. पावसाच्या एका उघडिपीत, वाफसा (कामाजोगी ओल) टिकेपर्यंत, कोणतं यंत्र किती गुंठे उरकेल? यंत्राची किंमत, डिझेल, मजुरी हे सगळं त्यानंतर. नाशिकच्या काळ्या मातीत हा क्रम उलटा केला की स्वस्त यंत्र महाग पडतं.

गंगापूर रोड, छत्रपती संभाजीनगर रोड, पाथर्डी फाटा या बाजूंची बरीच लॉन्स जुन्या शेतजमिनीवर किंवा मुरमाच्या भरावावर काळी माती पसरून केलेली असतात. ही माती ओली असली की फुगते, यंत्राच्या पोकळ टाइनमध्ये (जमिनीत घुसणाऱ्या दातात) गच्च बसते आणि छिद्राच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत करते. अशा छिद्रातून पाणी आत मुरत नाही. माती वाळली की इतकी कडक होते की टाइन दोन सेंटिमीटरवर अडते. काम होतं ते मधल्या दोन-तीन दिवसांत. तीन इंच खालची मूठभर माती घेऊन लाडू वळायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर यंत्र उतरवा, नुसता चपटा झाला तर थांबा. त्र्यंबक रोडच्या बाजूला पाऊस जास्त आणि माती तांबूस, निचऱ्याची. तिथे वाफसा लवकर येतो. निफाडकडच्या खोल काळ्या जमिनीत तो उशिरा येतो.

लग्नाच्या लॉन्सना एक मोठी सोय आहे: चातुर्मास. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास नसतात, जागा मोकळी असते आणि नेमकं याच काळात हरळी, सिलेक्शन वन, मेक्सिकन ही उष्ण हवेतली गवतं जोमात वाढतात. टोचलेली जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गवत निजलेलं असतं. तेव्हा टोचलेलं लॉन फेब्रुवारीपर्यंत तसंच उघडं दिसतं. मालक कितीही मागे लागला तरी मी थंडीत हे काम घेत नाही.

आता यंत्रं. खरी निवड तिघांत आहे. चौथा पर्याय म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला खिळ्यांचा रोलर. काळ्या मातीसाठी तो मी बादच करतो. भरीव खिळा माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो. आधीच दबलेल्या जमिनीत छिद्राभोवती आणखी कडक नळी तयार होते. रेताड जमिनीवर त्याचा थोडाफार उपयोग आहे, इथे नाही.

पहिलं यंत्र मागून चालत ढकलायचं, पेट्रोल इंजिनाचं, साधारण २० इंच रुंदीचं, फिरत्या ड्रमवर पोकळ टाइन असलेलं. ताशी तीन किलोमीटर वेगाने अर्धा मीटर पट्टा धरला तर कागदावर तासाला १५०० चौरस मीटर होतात. वळणं, पट्ट्यावर पट्टा, टाइन साफ करणं हे वजा करून ९०० हाती लागतात, म्हणजे साधारण नऊ गुंठे. एका फेरीत छिद्रं विरळ पडतात, म्हणून आडवी दुसरी फेरी लागतेच. उरले तासाला साडेचार गुंठे, आणि सहा तासांच्या खऱ्या कामात २७ गुंठे. एकराला दीड दिवस. सोसायट्यांची लॉन्स, रिसॉर्टमधले झाडांमधले तुकडे, कारंजाभोवतीची वळणं यांसाठी याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. छोट्या टेम्पोत बसतं, दोन माणसं चढवतात-उतरवतात.

दुसरा पर्याय ट्रॅक्टरमागे ओढायचा ड्रम. चार फूट रुंद, ताशी चार किलोमीटर वेगाने ओढला तर तूट वजा जाता तासाला ३० गुंठे. हा आकडा ऐकून माणूस भुलतो. पण याची छिद्रं सगळ्यांत विरळ. चौरस मीटरला दोनशेच्या जवळ जायचं तर तीन-चार फेऱ्या लागतात आणि ३० चे आठ-दहा होतात. शिवाय खोली पूर्णपणे वजनावर अवलंबून. वर काँक्रीटचे ठोकळे ठेवले तरी दबलेल्या रस्त्यावर, म्हणजे जिथे केटररचा टेम्पो रोज उभा राहतो तिथे, टाइन वरच खरवडत जाते. जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच काम सर्वांत कमी होतं. त्यातून ड्रमची टाइन गोल फिरत आत-बाहेर होते, म्हणून छिद्राचं तोंड फाटतं आणि गवताचे झुपके उपटले जातात.

तिसरं, कॅमवर चालणारं पंचिंग यंत्र. टाइन वरून सरळ खाली जाते, सरळ वर येते. खेळाच्या मैदानांवर आणि गोल्फ कोर्सवर हेच वापरतात. टोरोचं प्रोकोर ६४८ हे याच जातीचं, चालत चालवायचं, ४८ इंच रुंदीचं, चार इंचांपर्यंत खोल जाणारं. ट्रॅक्टरच्या थ्री-पॉइंटला (मागच्या तीन टोकांच्या जोडणीला) जोडून पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारीही येतात. यांचा वेग कमी, ताशी दोन किलोमीटरच्या आसपास. तूट धरून तासाला १५ गुंठे. पण एकाच फेरीत ७.५ सेंटिमीटरवर छिद्रं पडतात, म्हणजे चौरस मीटरला जवळपास १७८. दिवसाला ९० गुंठे, दोन एकरांच्या वर. एका उघडिपीत मंगल कार्यालयाचं मोठं लॉन संपवून दुसऱ्याकडे जाता येतं.

माझं मत सरळ आहे. वर्षाचं बहुतेक काम २० गुंठ्यांच्या आतल्या तुकड्यांचं असेल तर पहिलं यंत्र घ्या, तेही एकाऐवजी दोन. एक-दीड एकरांची चार-पाच कामं तरी हक्काची असतील तर तिसरं घ्या. ओढायचा ड्रम मैदानांसाठी ठीक आहे, जिथे फेऱ्या मारायला जागा आहे आणि दिसण्याला कमी महत्त्व आहे. क्रिकेटच्या मैदानावर हे काम फक्त आउटफिल्डवर करायचं. खेळपट्टीचा चौक क्युरेटरच्या शब्दाशिवाय कोणी शिवू नये.

ट्रॅक्टर मात्र विकत घेऊ नका. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमुळे अरुंद, १८ ते २८ एचपीचे ट्रॅक्टर आपल्याकडे भाड्याने मिळतात, ते लॉनच्या फाटकातून आरामात जातात. यंत्र आपलं, ट्रॅक्टर भाड्याचा. ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. एक, हायड्रॉलिकची उचल: कंपनी सांगते ती खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेली असते, यंत्राचं वजन त्याच्या मागे लोंबतं, म्हणून प्रत्यक्षात कमी उचललं जातं. दुसरी, टायर. शेतीच्या टायरच्या खोल खाचा ओल्या लॉनवर वळणावर गवत सोलून काढतात. रुंद, गुळगुळीत टर्फ टायर बसत असतील तर उत्तमच. नसतील तर हवा कंपनीने दिलेल्या किमान मर्यादेपर्यंत कमी करून वळणं लॉनच्या बाहेर घ्यायची.

मांडवाची खुंटी हा आपल्या लॉन्समधला खास शत्रू आहे. तुटलेल्या सळया, खिळे, तारा जमिनीत राहिलेल्या असतात आणि एक सळई चार टाइन वाकवते. आदल्या दिवशी चुंबक फिरवा, स्टेजची आणि मांडवाच्या खांबांची जागा मालकाच्या माणसाकडून विचारून घ्या, स्प्रिंकलरची तोंडं आणि दिव्यांच्या केबल झेंड्या लावून दाखवून घ्या. तीन-चार ठिकाणी सब्बल मारून मातीची जाडी पाहा. चार इंचांवर डबर लागलं तर खोली कमी ठेवा आणि टाइनची झीज दरात वाढवा.

आता पोकळ टाइनमधून वर येणाऱ्या मातीच्या कांड्या, ज्यांचा हिशोब कोटेशनमध्ये बहुतेक जण विसरतात. १२ मिमी टाइन, सात सेंटिमीटर खोल, चौरस मीटरला २०० छिद्रं. म्हणजे एकरातून साधारण सव्वादोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती वर येते, आणि सुटी झाल्यावर तिचा ढीग त्याहून मोठा दिसतो. चांगल्या मातीत त्या वाळू देऊन साखळी-जाळीने फोडल्या की झालं. पण चिकट काळ्या मातीत छिद्रं धुतलेल्या वाळूने भरून निचऱ्याची वाट उघडी ठेवायची असेल तर कांड्या उचलाव्याच लागतात, तेवढीच वाळू आणावी लागते आणि वर तीन मिमीचा थर दिला तर एकराला आणखी सव्वाचार ब्रास. न धुतलेल्या क्रश सँडमधली भुकटी तीच छिद्रं पुन्हा बुजवते, म्हणून तिथे पैसे वाचवू नका. हे सगळं एरेशनच्या दरात गुंडाळलं तर नफा त्यातच जातो. दोन वेगळ्या ओळी लिहा: एरेशन गुंठ्यावर, वाळू ब्रासवर.

दर बांधायची रीत उदाहरणाने सांगतो. आकडे धरलेले आहेत, तुमचे घाला. समजा ट्रॅक्टर चालक-डिझेलसह तासाला ९०० रुपये, दोन मदतनीस मिळून २३५. पंचिंग यंत्र पाच लाखांना पडलं, पाच वर्षं चाललं, वर्षाला ३० दिवस सहा तास धावलं तर तासाला ५५५. बेरीज १६९०, भागिले १५ गुंठे, म्हणजे गुंठ्याला ११३. टाइनचे २५ धरून १३८. ने-आण ३००० रुपये: ८० गुंठ्यांच्या कामावर गुंठ्याला ३८ बसतात, दहा गुंठ्यांच्या कामावर ३००. वर ३५ टक्के व्यवस्थापन आणि नफा लावला की मोठ्या कामाचा दर २४० च्या घरात येतो आणि छोट्याचा ५९० च्या. एकच गुंठा-दर सगळीकडे सांगणारा छोट्या कामांत स्वतःच्या खिशातून घालतो. किमान बिल ठरवा, त्याखाली जाऊ नका.

तेच यंत्र वर्षाला दहाच दिवस धावलं तर तासाला ५५५ चे १६६७ होतात आणि गुंठ्याला ७४ रुपये वाढतात. तेवढी कामं हातात नसतील तर यंत्र दुसऱ्याकडून भाड्याने आणणं शहाणपणाचं. कंत्राटदारांनी दोघा-तिघांत एक यंत्र घेणं मला सुचतं तितकं सोपं नाही, कारण उघडीप सगळ्यांना एकाच दिवशी मिळते.

रोजावर काम घ्यायचं की उक्तं? रोजावर घेतलं तर मालक घड्याळ बघतो आणि टाइन साफ करायला थांबलात तरी कुरकुरतो. उक्त्यात तुमच्यावर घाईचा मोह येतो. म्हणून गुंठ्यावर घ्या, पण मोजमाप लिहून: छिद्राची खोली किती, चौरस मीटरला छिद्रं किमान किती. एक मीटरची लाकडी चौकट मालकासमोर कुठेही टाकून मोजायची. १२ ऐवजी १६ मिमी टाइन लावली तर तेवढ्याच छिद्रांतून पावणेदोन पट माती निघते, तेव्हा जाडीही लिहा. पावसाने तारीख पुढे गेली तर दंड नाही, पण यंत्र येऊन परत गेलं तर ने-आण मालकाची, ही ओळ आधीच सही करून घ्या. जीएसटी वेगळा दाखवा.

२०२७ साठी एक गोष्ट आत्ताच बघून ठेवा. त्या वर्षी सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन चातुर्मासात आहेत. शहराजवळची मोकळी मैदानं आणि लॉन्स तेव्हा निवास आणि पार्किंगला जातील अशी माझी अटकळ आहे. मग दबलेल्या जमिनीचं सगळं काम ऑक्टोबरात, तुळशीच्या लग्नाआधीच्या थोड्या आठवड्यांत येईल. पाऊस गेलेला असेल, म्हणून दोन दिवस आधी पाणी देऊन वाफसा आणावा लागेल आणि ते पाणी मालकाने द्यायचं हे कोटेशनमध्ये हवं. द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या सुरू असतील, भाड्याचा ट्रॅक्टर आयत्या वेळी मिळणार नाही. त्याचा शब्द जुलैतच घेऊन, थोडा इसार देऊन ठेवा.