मोंतेफाल्को साग्रांतिनो: ताटात मटण असेल तरच उघडा

आधीच सांगतो, गप्पा मारत नुसती प्यायची वाईन ही नाही. ज्यांना मऊ, फळांच्या चवीची रेड आवडते त्यांनी दुसरं काहीतरी बघावं. मी सध्या इटलीत उंब्रियात राहतो, साग्रांतिनो द्राक्षांची ही रेड जिथे होते ते मोंतेफाल्को गाव इथून जवळ, त्यामुळे थंडी सुरू झाल्यापासून आता उन्हाळा लागेपर्यंत वेगवेगळ्या प्रोड्यूसरच्या आणि वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या घरच्या जेवणाबरोबर उघडत आलोय.

बारोलो या इटालियन रेडचं नाव वाईनवाल्या सगळ्यांना माहीत असतं, पण टॅनिनच्या, म्हणजे तोंड कोरडं करणाऱ्या तुरट घटकाच्या बाबतीत साग्रांतिनो त्याच्याही वरचढ आहे, पॉलिफेनॉल (टॅनिन ज्यात मोडतं ते घटक) मोजले तर ही द्राक्षं बारोलोची नेब्बिओलो आणि काबर्ने सोविन्यॉन दोघांच्या पुढे जातात. पहिला घोट म्हणजे कच्चं केळं चावल्यासारखं, जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू सगळं कोरडं. त्यात अल्कोहोल साडेचौदा-पंधरा टक्के. पण त्या तुरटपणाच्या मागे काळ्या बेरीज, सुकलेले आलुबुखार, थोडा लवंग-दालचिनीसारखा वास असं बरंच काही असतं, फक्त ते बाहेर यायला वेळ लागतो आणि सोबत खायला काहीतरी लागतं.

आता खरा मुद्दा खाण्याचा. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं, पण तोंडात मांस असलं की ते त्या मांसाच्या प्रोटीनलाही धरतं, वर चरबी आणि मीठ मदतीला असतं, आणि तीच वाईन एकदम गुळगुळीत लागायला लागते. इथले लोक हिच्याबरोबर रानडुक्कर खातात, तासन् तास मंद आचेवर शिजवलेलं, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेल्या कोकराच्या चापा. चापांच्या कडेची जळकी चरबी आणि ही वाईन, याच्यापेक्षा चांगली जोडी मला अजून सापडलेली नाही. इथल्याच नोर्चा गावचं सॉसेज आणि कास्तेल्लुच्चो गावची बारीक मसूर पण मस्त, आणि साधं जेवण आहे, घरी अर्ध्या-पाऊण तासात होतं.

आपल्या जेवणाबरोबर काय, हे मला सगळे विचारतात. तांबडा रस्सा अजिबात नको. तिखट आणि पंधरा टक्के अल्कोहोल एकत्र आलं की घसा जळतो, टॅनिन अजून टोचतं, रस्सा पण वाया आणि महागाची बाटली पण वाया. मासे तर विसराच, सुरमईबरोबर तोंडात लोखंडाची चव येते. पण सुकं मटण, भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, काळी मिरी, मिरची नावाला, हे जमतं, भाजक्या खोबऱ्याचं तेल वाईनला छान सांभाळून घेतं. गोडसर वाटण टाळा, गोडाबरोबर ही कडू होते. शाकाहारी मंडळींसाठी जुनं, कडक पेकोरिनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज हा चांगला पर्याय, पण त्यात बहुधा प्राण्यांचं रेनेट असतं, ते चालत असेल तरच, नाहीतर काळ्या ट्रफलची (जमिनीखाली वाढणारी वासाची बुरशी) स्त्रांगोत्सी म्हणजे इथली जाड, हाताने कापलेल्या लांब पट्ट्यांची पास्ता, वर ऑलिव्ह ऑइल सढळ हाताने. चुलीवरच्या वांग्याचं भरीत पण ट्राय केलं, बरं लागतं, पण जीव ओवाळून टाकावा असं नाही.

विकत घेताना वर्ष बघा. नियमाप्रमाणे ही 37 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले किमान 12 महिने लाकडात, म्हणजे 2019 च्या द्राक्षांची बाटली 2023 उजाडल्याशिवाय दुकानात येतच नाही. तरी पण नुकतीच आलेली बाटली मला तरी कच्चीच वाटते, आठ-दहा वर्षांची मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. साधारण वीस ते पस्तीस युरोत चांगली मिळते. उघडल्यावर जगमध्ये ओतून दोन-तीन तास ठेवा, आणि टेंपरेचर 18 डिग्रीच्या आसपास. एका रेस्टॉरंटमध्ये उन्हाळ्यात तशीच गरम आणून दिली होती, नुसतं स्पिरिट नाकात जात होतं, पण फ्रीजमध्ये गार करून दिली तरी टॅनिन अजून बोचतं, त्यामुळे दोन्ही टोकं वाईट.

गंमत म्हणजे मुळात ही कोरडी वाईन नव्हतीच. द्राक्षं सुकवून केलेली गोड पासितो हीच इथली जुनी पद्धत, ईस्टरला कोकराच्या मटणाबरोबर प्यायची, कोरडी साग्रांतिनो साधारण 1970 च्या दशकापासून जोरात आली आणि 1992 मध्ये तिला डीओसीजी, म्हणजे इटलीतला वाईनचा सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. पासितो मी यंदा ईस्टरला घेतली. गोड आहे पण टॅनिन तेवढंच तगडं, त्यामुळे चिकट वाटत नाही. छोटी बाटली पुरते, महाग असते.

ज्यांनी अकलूजची सेट्टे ही रेड प्यायली आहे त्यांना सांज्योवेझे या इटालियन द्राक्षांची थोडी ओळख असेलच. त्यांनी डायरेक्ट साग्रांतिनोवर उडी मारण्याआधी मोंतेफाल्को रोस्सो ही इथलीच दुसरी रेड घ्यावी, त्यात मुख्य सांज्योवेझे आणि साग्रांतिनो थोडीशीच, किंमत निम्म्याच्या आसपास, आणि पिझ्झाबरोबर सुद्धा चालते. आमच्याकडे आठवड्यात मधल्या वारी तीच उघडली जाते. साग्रांतिनो उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून तासभर राहू द्या, बऱ्याचदा पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते.