ट्रान्झिट शोधायला घरचा पीसी की क्लाउड?

नासाच्या टेस उपग्रहाच्या डेटात ग्रहांचे ट्रान्झिट (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो ते) शोधायचेत, पायथॉन येतं, लाइट कर्व्ह (ताऱ्याच्या तेजाचा वेळेनुसार आलेख) म्हणजे काय तेही माहितीये, आता हे सगळं चालवायचं कुठे, घरी एक बरा पीसी बांधायचा की क्लाउडवरच्या नोटबुकवर भागवायचं, इथे अडला असाल तर माझा अनुभव सांगतो. मी दोन्ही करून बसलोय. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात क्लाउडवरच केली आणि पहिले पंधरा दिवस मी भलताच खूश होतो. टेसचा डेटा तिथेच शेजारी पडलेला, डाउनलोड नावाची भानगडच नाही. एका सेक्टरच्या (टेस एका खेपेला बघतो तो आकाशाचा पट्टा) दर दोन मिनिटांना एक नोंद असलेल्या लाइट कर्व्ह घ्यायच्या म्हटलं तर वीसेक हजार तारे, फाइल दोनेक एमबीची, म्हणजे चाळीस जीबीच्या आसपास, हे घरी उतरवता येतं. पण फुल फ्रेम इमेजेस (कॅमेऱ्यातले अख्खे फोटो) हव्या असतील तर विषयच संपला, सुरुवातीच्या, दर तीस मिनिटांना एक अशा फ्रेम्स धरल्या तरी एका सेक्टरच्या सातशे जीबीच्या घरात जातात. तिथे क्लाउडला पर्याय नाही. रुबिन वेधशाळेचं तर रात्रीला वीस टीबीचं गणित आहे, तो डेटा घरी आणायचा विचारही कोणी करत नाही, आपला कोडच तिकडे पाठवायचा. (गाया ह्या अवकाश दुर्बिणीच्या यादीतले १८० कोटी तारे म्हणाल तर त्यांना घरही नको नि क्लाउडही, एडीक्यूएल ह्या खगोलाच्या क्वेरी भाषेत नीट क्वेरी लिहा आणि हवे तेवढे तारे खाली घ्या.)

मग बिनसलं कुठे? तर एक वेगळीच चूक निस्तरताना. माझी पाइपलाइन धड चालतेय का बघायला मी पाय मेन्से सी घेतला, टेसला सापडलेला पहिला ग्रह, ६.२७ दिवसांची कक्षा, तारा इतका तेजस्वी की हा दिसलाच पाहिजे. आणि माझ्या बीएलएसला (ठरावीक काळाने येणारी प्रकाशातली घट शोधणारी पद्धत) तो दिसेना! दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर कळलं की लाइट कर्व्ह सपाट करायची विंडो (एका वेळी किती पॉइंट धरून ताऱ्याची चढउतार काढायची ते) मी डीफॉल्टवर सोडली होती, १०१ पॉइंट. दोन मिनिटांच्या डेटात १०१ पॉइंट म्हणजे जेमतेम तीन तास वीस मिनिटं आणि ह्या ग्रहाचा ट्रान्झिटच तीन तासांच्या आसपासचा, त्यात प्रकाश कमी होतो फक्त ०.०३ टक्के. म्हणजे ताऱ्याची चढउतार काढता काढता मी ग्रहच पुसून टाकत होतो. तीस मिनिटांच्या डेटावर हीच विंडो पन्नास तासांची होते, त्यामुळे आधी तिथे सगळं छान दिसत होतं आणि मला शंकाही आली नाही.

आता विंडो बदलायची म्हणजे सगळे तारे पुन्हा चालवायचे. रात्री रन लावला, सकाळी बघतो तर सेशन बंद, कर्नल नवा कोरा, साडेअकरा हजार ताऱ्यांचे निकाल मेमरीतल्या लिस्टमध्ये होते ते गेले. चूक माझीच, दर शंभर ताऱ्यांनी फाइलमध्ये लिहायला हवं होतं, ते नंतर केलंही. पण त्या प्लॅटफॉर्मच्या लेखी टॅबमध्ये माणूस हलत नाहीये म्हणजे काम थांबलंय, आत गणित जोरात चालू असलं तरी! मग सकाळी उठून आधी पॅकेजेस पुन्हा टाका, मग कुठे अडलं ते शोधा, मग पुढे. तरीही एकवेळ चाललं असतं, खरी पंचाईत अशी झाली की मी प्रयोग करणंच कमी केलं. विंडो ४०१ ऐवजी ७०१ करून बघू का, असं मनात आलं की लगेच दुसरा विचार, जाऊ दे, महिन्याचे तास संपतील. मीटर चालू असलेल्या रिक्षात बसून पत्ता शोधल्यासारखं. आणि ह्या कामात तर पुन्हापुन्हा चालवणं हेच काम आहे.

म्हणून मग पीसी. त्याचेही ताप आहेत, खोली गरम होते, पंख्यांचा आवाज, बॅकअपची काळजी, पहिला आठवडा तर नुसता डाउनलोडमध्येच गेला. आणि एकेक रन क्लाउडवरच्या मोठ्या मशीनपेक्षा कदाचित हळूच होत असेल, मी घड्याळ लावून मोजलेलं नाही. पण रात्री रन लावून झोपतो, सकाळी तो तिथेच असतो. विंडोचे सात प्रकार करून बघितले, त्यातले पाच फालतू निघाले, कोणाला हिशोब द्यायचा नव्हता.

न्यूरल नेटवर्क ट्रेन करायचं असेल, केप्लर दुर्बिणीच्या डेटातून २०१७ मध्ये केप्लर-९० आय हा ग्रह शोधला तसं काही डोक्यात असेल, तर तेवढ्या दिवसांपुरता जीपीयू भाड्याने घ्या, मीही तेच करतो. नुसत्या बीएलएससाठी मात्र जीपीयूवर खर्च करू नका. मी वापरतो ती बीएलएस सीपीयूवरच चालते, त्यामुळे हौसेनं घेतलेलं माझं कार्ड बहुतेक वेळ नुसतं बसून असतं. ते पैसे जास्त कोअर आणि मोठ्या डिस्कला लावले असते तर बरं झालं असतं.