पोकलेन, शेततळं की माथा ते पायथा? गावाचा पैसा आधी कुठे लावायचा

लोकवर्गणी जमली आहे, एखाद्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी यायचा आहे आणि ग्रामसभेत तीन तट पडले आहेत. एकाला पोकलेन लावून नाला खोल-रुंद करायचा आहे. दुसऱ्याला अस्तरीकरणाची शेततळी हवीत. तिसरा म्हणतो, डोंगरावरून सुरुवात करून खाली या, म्हणजे माथा ते पायथा, आणि त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. माझं मत आधीच सांगतो: कोरडवाहू, खडकाळ गावात त्या तिसऱ्याचं ऐकावं. त्याला अपवाद आहेत, तेही पुढे येतील.

वेगाच्या बाबतीत पोकलेनला तोड नाही. महिनाभरात नाल्याचं रूप पालटतं, पहिल्या पावसात पाणी तुडुंब दिसतं, फोटो छान येतात. डोंगरउतारावरचे सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), दगडी बांध आणि मग शेतांची बांधबंदिस्ती हे सगळं दोन-तीन हंगाम खातं. शिवाय ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराचा फोटो कोण बघणार?

खरा निकाल लागतो तो खडकावर. नाला खोलीकरणाला राज्यभर नाव मिळवून दिलं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरने, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या कामामुळे. पण शिरपूरचा बराचसा भाग तापीच्या गाळाचा आहे. तिथे चिकणमातीचा थर पाणी अडवतो. तो फोडला की खालच्या वाळूत पाणी मुरतं. उरलेल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. इथे पाणी साठतं ते मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात, आणि हा थर अनेकदा फार जाड नसतो. तो ओलांडून पोकलेन अखंड काळ्या पाषाणाला टेकलं, की तळातून पाणी मुरायचं थांबतं. नाल्याची नुसती टाकी होते. त्याहून वाईट म्हणजे कापलेल्या थरातून शेजारच्या विहिरींचं पाणी नाल्यात पाझरू लागतं. राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार अभियानाच्या काळात खोलीकरणाच्या अतिरेकाविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले, त्यामागे हीच भीती होती. त्याच अभियानावर ९,६३३ कोटी खर्चूनही भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नाही, असं सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या कॅगने २०२० मध्ये म्हटलं. त्या अहवालावरून राजकारण खूप झालं. मुरमाच्या जाडीबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

गाळाचा प्रश्न वेगळाच. डोंगर उघडा ठेवून खाली नाला खणला, तर वरची माती येऊन दोन-चार पावसाळ्यांत तो भरतो आणि पुन्हा वर्गणी काढावी लागते. माथ्यावर चर असतील तर पाणी वेग पकडत नाही, माती वरच राहते आणि खालचा बंधारा टिकतो. क्रम उलटा केला की काम तेच असूनही पैसा वाया जातो.

शेततळ्याबद्दल थोडक्यात. वाहून जाणारं पावसाचं पाणी धरणारं, अस्तर नसलेलं तळं चांगलंच. पण प्लास्टिक अंथरलेली कितीतरी तळी विहिरी-बोअरमधून भरली जातात. सगळ्यांच्या खालचं पाणी वर काढून एकाच्या नावावर ठेवायचं आणि मे महिन्यात रोज सेंटिमीटरभर उन्हाला द्यायचं, हे जलसंधारण म्हणवत नाही. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग वाचवायला त्या शेतकऱ्याला ते जरूर घ्यावंसं वाटेल. त्याने ते स्वतःच्या पैशाने घ्यावं, गावाच्या नव्हे.

तिन्ही पर्यायांत एक गोष्ट हमखास सुटते: उपसा, म्हणजे जमिनीतून किती पाणी काढायचं ते. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. १,००० हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पडला तर ४०० कोटी लिटर होतात. ऐकायला प्रचंड, पण बरंचसं पाणी वाफ होऊन किंवा वाहून जातं, आणि एक हेक्टर ऊस पाटपाण्यावर दोन कोटी लिटरच्या आसपास पितो. म्हणून हिवरे बाजारचं वेगळेपण मला चरांमध्ये दिसत नाही. चर पुष्कळ गावांनी खणले. तिथे सरपंच पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअर नाही आणि ऊस नाही असं ठरलं, आणि दरवर्षी पावसाचा आकडा बघून पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचं पीक ठरू लागलं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे त्याहून पुढे गेले होते. १९७० च्या दशकातल्या त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हता, माणशी होता, आणि भूमिहीनांनाही वाटा होता. अशा नियमांना डिझेल लागत नाही. भांडणं मात्र भरपूर होतात.

माथा ते पायथाची उणी बाजूही आहे. डोंगरावर चर आले की चराईबंदी येते आणि तिचा पहिला फटका शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना बसतो. आराखडा शेतमालकांनी पारावर बसून केला तर ही मंडळी त्यात नसतातच, आणि मग रातोरात बांध फुटतात. त्यांना आणि हंडा वाहणाऱ्या बायकांना सोबत घेऊन शिवारफेरी करा. गायरान एकदम बंद न करता तुकड्या-तुकड्याने बंद ठेवा, कापून नेण्याच्या गवतात त्यांचा वाटा आधी ठरवा. एका ओहोळापुरतं काम करून एक पावसाळा बघितला तरी बऱ्याच चुका स्वस्तात कळतात.

आता अपवाद. गाव नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर असेल आणि डोंगरच नसेल, तर खोलीकरणाचा विचार आधी करा. जुना बंधारा किंवा पाझर तलाव गाळाने भरला असेल, तर पोकलेन खुशाल बोलवा. काढलेला गाळ हलक्या रानांत टाका. मार्चपासून टँकर लागत असेल, तर पिण्याच्या विहिरीची सोय त्याच वर्षी हवी, डोंगराची वाट बघत बसू नका.

आणि नाला खणायचाच ठरला, तर काठावरच्या चार-पाच विहिरी उन्हाळ्यात उतरून बघा. मुरूम किती हातांवर संपतो आणि पाषाण कुठे लागतो ते बांधकामात न झाकलेल्या भागात दिसतं. तो आकडा ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या, कारण पोकलेनचं भाडं तासावर असतं आणि चालकाला थांबायची घाई नसते.