कार्टर रोडची ओहोटी-फेरी: पैसे वसूल, पण पायात काय घालता ते बघा

दहावीच्या पोरांना 'संधिपाद' (सांध्यांच्या पायांचे प्राणी, जसे खेकडे), 'मृदुकाय' (मऊ अंगाचे, जसे कालवं) फळ्यावर शिकवून घसा बसतो. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडला ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर ही फेरी नेतात, इथे तेच पायाखाली दिसतं. मार्गदर्शक मुलीने खडकावरचे बार्नेकल, म्हणजे कवचात राहणारे छोटे प्राणी, दाखवले. दिसायला कालवांचे भाऊबंद, पण नातं खेकड्यांशी! डोकं खडकाला चिकटवून बसायचं आणि पायांनी अन्न आत ओढायचं, असा यांचा संसार. डबक्यातल्या एकाने झाकण उघडून पिसासारखे पाय बाहेर काढले, झटकले, मिटले. अख्खा घोळका ओणवा! शंखातला खेकडा, समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी), तेही दिसलं. गट मात्र फारच मोठा. मागच्यांना काही ऐकू येत नाही. शेवाळावर साध्या चपला घालून जाल तर आपटाल, पट्ट्यांचे सँडल घाला. आणि भिंग घरूनच न्या, त्यांचं एकुलतं एक सगळ्यांत फिरतं.