खडू की सिलिका? दात उजळवणारा घटक टिकवण्यासाठी अपघर्षकाची निवड

उजळपणा देणारी टूथपेस्ट बनवायला निघालेले बहुतेक उत्पादक आधी पेरॉक्साइडचे, म्हणजे दात उजळवणाऱ्या रसायनाचे, प्रमाण ठरवतात आणि दात घासणारी भुकटी, म्हणजे अपघर्षक, मागाहून निवडतात. माझ्या मते अपघर्षक आधी निवडायला हवा, कारण पेरॉक्साइड ट्यूबमध्ये किती महिने शाबूत राहील हे मुख्यतः या भुकटीवर अवलंबून असते.

आपल्याकडे खडू, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट, स्वस्त आणि हातखंड्याचा आहे. पण त्याच्यामुळे पेस्टचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) 9 च्या आसपास राहतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर सामू 4 ते 5 असलेल्या आम्लधर्मी माध्यमातच नीट टिकतो. सामू चढला की त्याचे पाणी आणि ऑक्सिजनमध्ये विघटन वेगाने होते; त्यात नैसर्गिक खडूमध्ये लोह किंवा मँगनीजचे अंश असतील, तर ते उत्प्रेरकाचे काम करतात. सामू उतरवण्यासाठी आम्ल घालावे, तर खडूच त्याच्याशी अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोन्ही वाटांनी ट्यूब फुगते, म्हणून खडूच्या पेस्टमध्ये पेरॉक्साइड घालण्याचा खटाटोप करू नये, असे मी स्पष्ट सांगतो.

खडू सोडायचाच नसेल, तर फ्थॅलोसायनिन वर्गातील निळे रंगद्रव्य विचारात घ्यावे. त्याचा पातळ थर दातावर बसून पिवळेपणा दृष्टीला कमी भासतो. हा परिणाम तात्पुरता असतो आणि वेष्टनावर तसेच लिहिले पाहिजे. डाग सोडवणारे पॉलिफॉस्फेट मात्र खडूतील कॅल्शियमशी बांधले जाऊन ट्यूबमध्येच बरेचसे खर्ची पडते. दात किडण्यापासून वाचवणाऱ्या सोडियम फ्लोराइडचीही तीच गत होते, म्हणून खडूसोबत सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात.

सिलिका महाग पडते, पण ती पेरॉक्साइडच्या बाबतीत बरीचशी अलिप्त असते आणि सामू हवा तसा राखता येतो. तिच्याही प्रत्येक ग्रेडमधील लोहाचे प्रमाण पुरवठादाराच्या प्रमाणपत्रात पाहिल्याशिवाय माल घेऊ नये. धातूंचे अंश बांधून ठेवण्यासाठी सोडियम स्टॅनेट, आम्लधर्मी पायरोफॉस्फेट किंवा ईडीटीए घालतात. मिश्रणाची टाकीसुद्धा निष्क्रियीकरण केलेल्या, म्हणजे आम्लाच्या प्रक्रियेने पृष्ठभागावरचे मोकळे लोह काढलेल्या, स्टेनलेस स्टीलची हवी, अन्यथा निवडून घेतलेल्या सिलिकेचा फायदा टाकीतच जातो. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पाणी टाळून पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या माध्यमात कार्बामाइड पेरॉक्साइड (युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे संयुग) घालणे; 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून सुमारे 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. अशा पेस्टचा पोत तोंडात थोडा जड वाटतो आणि चव बसवायला वेळ लागतो, तरीही घटक खरोखर टिकवायचा असेल तर मी हाच मार्ग निवडेन. माल युरोपीय संघात पाठवायचा असल्यास, ग्राहकाला थेट विकल्या जाणाऱ्या उत्पादनात तिथे 0.1 टक्क्याहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड चालत नाही. कार्बामाइडमधून सुटणारे पेरॉक्साइडही यात मोजले जाते.

निवड कोणतीही असो, नमुने 40 अंश सेल्सियस आणि 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून दर महिन्याला उरलेले पेरॉक्साइड मोजावे, कारण विदर्भातल्या मे महिन्यातील गोदामात पेस्टला दुपारी याहून सौम्य उष्णता मिळत नाही. मोजणीसाठी आयोडोमितीय अनुमापन, म्हणजे पेरॉक्साइडने मोकळे केलेले आयोडीन मोजण्याची पद्धत, घ्यावे. दुसऱ्या पद्धतीतले परमँगनेट हे स्वादद्रव्ये आणि ग्लायकॉल यांच्यावरही खर्च होते आणि शिल्लक पेरॉक्साइड आहे त्यापेक्षा जास्त दाखवते.